रोसियानीचं ताट कोणी संपवलं

आठवीची ताटं चाटूनपुसून परत यायला लागली, तेव्हा आधी मला बरंच वाटलं. एकोणीस वर्षं मी या शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. मुलं भोपळा बाजूला सारतात, कोबी बाकाखाली टाकतात, हे मला पाठ झालंय. पण त्या मे महिन्यात भोपळ्याची फोडसुद्धा परत येईना. माझ्याबरोबर काम करणारी नेउमा म्हणाली, लिंदाल्वा, एवढ्या वर्षांनी तुझ्या हाताला चव आली म्हणायची. मी हसले, पण चित्त थाऱ्यावर राहीना. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी अशा एकाएकी भोपळा खायला लागत नसतात.

माझी धाकटी, जांदिरा, त्याच वर्गात आहे. शाळेत ती मला बाकीच्यांसारखी ‘मावशी’ म्हणते, कारण आई म्हटलं की पोरं चिडवतात. रांगेत माझ्यासमोर ताट धरून उभी राहते आणि ओळख नसल्यासारखी पुढे जाते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. घरी आल्यावर ती माझीच असते, असं मी धरून चालले होते.

एका गुरुवारी मी डाव नेउमाच्या हातात दिला आणि फडकं घेऊन जेवायच्या शेडच्या खांबाआड उभी राहिले. त्या दिवशी चवळी घातलेला भात होता, वर कोंबडी आणि कसाव्याच्या कंदाचं भाजलेलं पीठ. साडेनऊच्या सुट्टीत यासाठी पोरं धावत येतात. रोसियानी ताट घेऊन बसली. ही उंच, सडपातळ पोर; जूनमधल्या संत जुआंवच्या सणात शाळेचा जोड्यांचा नाच होतो, त्यात लुटुपुटीचं लग्न लावतात आणि यंदा तिला नवरी केलं होतं. तिने एक घास घेतला. मग चमच्याने भात इकडून तिकडे करत बराच वेळ गप्पा मारल्या. आणि मग कोणी पाहत नाहीसं बघून ताट शेजारी सरकवलं. शेजारी डार्लान होता, नाचातला तिचा नवरा. त्याने आपलं रिकामं ताट तिच्यापुढे केलं आणि तिचं खायला घेतलं. मग दुसऱ्या दोघींची ताटं आली. मग जांदिराचं.

डार्लान खात होता तो कामाला जुंपल्यासारखा. कपाळावर घाम, मान खाली. बाजूची पोरं मोजत होती, आणि चौथं ताट संपलं तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीत थाप मारली.

दुपारी घरी मी जांदिराला विचारलं. ती म्हणाली, पोट भरलेलं होतं. कशाने भरलं होतं, म्हणून विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “शाळेत तू मावशी आहेस ना? मग शाळेतलं शाळेत ठेव.”

काय चाललंय ते मला हळूहळू कळलं. एप्रिलमध्ये नाझारे शिंपिणीने नाचाच्या झग्यांची मापं घेतली होती, आणि घेता घेता म्हणाली होती की जूनपर्यंत जिची कंबर वाढेल तिने आपली शिवण आपण उसवायची. ती बोलून विसरली असणार. पोरी विसरल्या नाहीत. चौकातल्या औषधाच्या दुकानात एक वजनकाटा आहे, त्यावर कोणीही फुकट उभं राहावं. दुकानदाराने मला सहज सांगितलं की तुमची जांदिरा आणि तिच्या मैत्रिणी रोज येतात, एकमेकींचे बूट धरतात आणि श्वास रोखून काट्यावर चढतात. त्याला ती गंमत वाटत होती.

मी घरी तिच्या ताटात जास्तीचं अंडं घातलं. ते तिने खाल्लं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मागच्या दारी शेजारणीच्या मांजराच्या तोंडात कोंबडीची तंगडी दिसली, तेव्हा मनात आलं की अंडंही बहुधा तिकडेच गेलं असेल. मुख्याध्यापिका ओदेतेबाईंकडे जावं असं रोज सकाळी मनात यायचं. भात शिजेपर्यंत तो विचार टिकायचा. मग पोरी रांगेत उभ्या राहिल्या, त्यांत माझी दिसली, की वाटायचं, जून झाला की सगळं आपोआप निवळेल, कशाला उगाच पोरीचं मन दुखवायचं. उद्या बघू. असे तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत मी दोनदा भात करपवला आणि एकदा मीठच घातलं नाही.

मग नगरपालिकेकडून तालिता आली. पंचविशीची पोर, आहारशास्त्र शिकलेली, केस घट्ट बांधलेले. मुलं किती खातात ते तिला बघायचं होतं. तीन दिवस ती आमच्या कट्ट्यावर काटा मांडून बसली. प्रत्येक ताटाला चिकटपट्टीवर आकडा; वाढल्यावर वजन, परत आल्यावर वजन. काट्यावरून आणि माझ्या डावावरून मान वर करायलाही तिला सवड नव्हती, त्यामुळे टेबलांवर काय चाललंय ते तिला दिसणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत असताना ती माझ्याजवळ आली. आधी चवीचं कौतुक केलं, मग हळूच म्हणाली, “लिंदाल्वाबाई, मुलांच्या ताटात साधारण साडेचारशे ग्रॅम पडतं. मुलींच्या ताटात तीनशेसुद्धा नाही.”

मी म्हटलं, मुली कमी मागतात.

“मागायच्या आधीच पडतं. मी कालपासून बघतेय. मुलगी समोर आली की तुमचा डाव अर्ध्यातच वळतो.”

मला राग आला. मी झाकण आपटलं. एकोणीस वर्षं या पोरांना खायला घातलं, आणि ही काल आलेली मला वाढायला शिकवणार. तिने वाद घातला नाही. कागद उचलून गेली. पण तिसऱ्या दिवशी रांग लागली आणि माझं लक्ष माझ्याच मनगटाकडे जायला लागलं. मुलगा आला. डाव तळापर्यंत गेला, भरून वर आला, वर एक तुकडा जास्तीचा. मुलगी आली. डाव वरच्यावर फिरला. मी ठरवून भरून वाढायला गेले, तर मुलगी म्हणाली, “मावशी, एवढं कशाला?” आणि मागचा मुलगा म्हणाला, “मला दे, मला दे.” आणि माझा हात परत आपल्या वळणावर गेला.

आमच्या घरी आई आधी वडलांचं, मग तिघा भावांचं वाढायची. ते सरपण तोडायला जायचे, म्हणून. आम्ही बहिणी धरणावरून डोक्यावर पाणी आणायचो, दिवसाला दोन खेपा, पण ते काम आहे असं कोणी म्हणायचं नाही, आम्हीसुद्धा नाही. आणि आता माझ्या घरी माझा एदवान सोळा वर्षांचा आहे. तो हात धुवायला जातो तेवढ्यात मी त्याचं ताट भरून ठेवते. जांदिरा आपलं आपण घेते. हे मी कधी ठरवलेलं नव्हतं.

तालिताच्या कागदावर मला एक रकाना दिसला. आठवी, मुली, उरलेलं अन्न: शून्य. ती खूश होती. म्हणाली, कमी वाढलं तरी सगळं संपवतात, म्हणजे त्यांना भूक आहे, सोमवारपासून जास्त वाढून बघू. मला तेव्हाच सांगता आलं असतं. शब्द ओठांवर आले होते. मी विचारलं, “कॉफी घेणार का?”

त्याच दिवशी, शुक्रवारी, साडेदहाच्या सुमाराला पटांगणावर नाचाची तालीम चालू असताना रोसियानी कोसळली. डार्लानने तिचा हात धरलेला होता, म्हणून डोकं आपटलं नाही. तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिची आई क्रेउझा काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जाते. तिला तिथून बोलावून आणलं, बोटं टरफलांच्या तेलाने काळी झालेली तशीच.

परिचारिकेने विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं? ओदेतेबाईंनी तालिताचा कागद पुढे केला. चौदा नंबरचं ताट, भात, चवळी, कोंबडी, उरलं शून्य. भरपेट जेवलेली मुलगी तासाभरात चक्कर येऊन पडते म्हटल्यावर परिचारिकेने क्रेउझाला बाजूला घेऊन हळू आवाजात दुसरेच, पाळी चुकल्याबिकल्याचे प्रश्न विचारले. दार उघडं होतं. बाहेर बाकावर चार बायका बसलेल्या होत्या.

दुपारपर्यंत ते बेकरीत पोचलं. शनिवारी बाजारात माझ्या कानावर आलं, आणि त्याला डार्लानचं नावही चिकटलेलं होतं, कारण नाचात तो तिचा नवरा. चौदा वर्षांची पोर. कांदे विकणारी बाई मला डोळा मारून म्हणाली की नाचाच्या आधीच लग्न लागलं वाटतं. क्रेउझाने पोरीला दंडाला धरून घरी नेलं होतं, नाच बंद, शाळा बंद. डार्लानच्या बापाने, अब्दियासने, कमरेचा पट्टा काढल्याचं नेउमाने सांगितलं.

मी कांदे तिथेच ठेवून घरी आले. जांदिरा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, हे सगळं थांबवायचं तर काय चाललं होतं ते सांगावं लागेल. ती म्हणाली, आम्ही शपथ घेतलीय. कोणाकोणी, म्हणून मी विचारलं. ती उठून बसली. तिचे दंड मला त्या वेळी नीट दिसले. तीन आठवडे मी ताटंच बघत होते.

“तू सांगितलंस तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही,” ती म्हणाली. पण म्हणाली ते रडत, आणि मी चपला घातल्या तेव्हा ती आडवी आली नाही.

क्रेउझा दारात चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं की तुझ्या पोरीने काल काही खाल्लं नव्हतं. परवाही नाही.

“कागदावर लिहिलंय की खाल्लं.”

“कागदाला ताट दिसलं, पोर दिसली नाही. रोसियानीचं ताट डार्लानने संपवलं. रोज संपवतो. चार पोरी आहेत अशा. झगा बसावा म्हणून उपाशी राहतात.”

तिचे हात थांबले. “तुला कसं माहीत?”

“मी बघितलं.”

“कधी?”

खोटं बोलता आलं असतं. “तीन आठवडे झाले,” मी म्हटलं.

“आणि आज सांगतेस.”

“त्यातली एक माझी आहे. मला तिची भीती वाटत होती.”

क्रेउझाला मला मारावंसं वाटत असणार, आणि मारलं असतं तर मी तिथेच उभी राहिले असते. तिने आत हाक मारली. रोसियानी आली, डोळे सुजलेले, भावाचा सदरा घातलेला. आईने विचारलं, ही म्हणते ते खरं आहे का? पोरीने मान हलवली. मग कोणी न विचारताच म्हणाली, “पहिल्या आठवड्यात खूप भूक लागायची, आई. नंतर तितकी नाही लागायची.”

क्रेउझा उठली. शेंगांची टरफलं मांडीवरून सांडली. तिने मला सांगितलं की आता तू जा, आणि तिने आत जाऊन तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज मला रस्त्यावरून ऐकू आला. आजही ती मला बाजारात दिसली तर मान हलवते, थांबत नाही.

तिथून मी अब्दियासकडे गेले. डार्लान टांगलेल्या झोळीत कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी घेतलेले. बाप म्हणाला, पोरगं वाढतंय, खाणारच, त्यात काय एवढं? मी म्हटलं, रोज चार ताटं, घामाघूम होऊन. मग डार्लानच बोलला, झोळीतून, आमच्याकडे न बघता. पहिल्या दिवशी खरंच भूक होती म्हणून घेतलं होतं. मग पोरी रोज द्यायला लागल्या. नको म्हटलं तर बाकीचे म्हणायचे, बाप्या माणूस असून ताट टाकतोस, पोरींसारखं चिमणीएवढं खातोस. जेवल्यावर तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन ओकायचा आणि तोंड धुऊन तालमीला उभा राहायचा.

“पट्ट्याचा मार खाल्लास तेव्हा का नाही सांगितलंस?” बापाने विचारलं.

“त्यांना सांगणार नाही असं म्हटलं होतं.”

अब्दियास बाहेर गेला. बराच वेळ त्याने अंगणातलं काहीतरी इकडून तिकडे ठेवलं. मी निघाले तेव्हा त्याने मला कॉफी विचारली. ती मी घेतली नाही.

सोमवारी ओदेतेबाईंच्या खोलीत मी पुन्हा सगळं सांगितलं, तालिता समोर असताना. डावाचंही सांगितलं. तालिताने तो रकाना खोडला. म्हणाली, मी तीन दिवस तिथे होते आणि एकदाही मान वर केली नाही. मला तिचा जो राग उरला होता तो तेव्हा गेला.

रक्त तपासलं तेव्हा चौघींच्याही अंगात ते कमी निघालं, जांदिराच्या सगळ्यांत कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बेकरीतलं बोलणं कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही; असली बोलणी सुरू होतात तेवढ्या वेगाने थांबत नाहीत. नाझारे शिंपीण एका दुपारी शाळेत आली आणि कोणाला न विचारता सगळ्या झग्यांच्या कमरा दोन-दोन बोटं सैल करून गेली. मी गमतीत बोलले होते, असं ती प्रत्येक झग्याला सांगत होती.

तालिताने सुचवलं की सगळ्यांना आपल्या हाताने वाढून घेऊ द्या. पहिल्या दिवशी मुलांनी डोंगर केले आणि मुलींनी चमचाभर घेतलं. सहावीच्या पोरांपर्यंत कोंबडी पोचलीच नाही, आणि नेउमाने ज्या शिव्या दिल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं, मोडलं सगळं. मग कधीतरी सातवीतल्या एका दांडगट पोराने पातेल्यातून भोपळा तीनदा घेतला आणि कोणी हसेल का म्हणून आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. आठवीतली एक मुलगी सगळ्यांत शेवटी यायला लागली, पातेल्याशी एकटी असेल तेव्हा, आणि तेव्हा ती चांगली दोन डाव घ्यायची. एवढंच. डार्लान दुसऱ्या टेबलावर बसायला लागला.

घरी जांदिरा अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. “दादा, आईला सांग, मीठ संपलंय.” आणि मी तिथेच उभी. एदवानला मी सांगितलं की आता तुझं तू वाढून घे. त्याने विचारलं, तुला बरं नाहीये का? काही दिवस तो रिकामं ताट घेऊन चुलीपुढे उभा राहायचा, पहिल्यांदाच ते घर बघत असल्यासारखा. जांदिरा जेवत होती की नाही, मला कळायचं नाही. मी दाराआडून बघायचे, मांजराच्या तोंडाकडे बघायचे, कचऱ्याचं झाकण उघडून बघायचे. बाराव्या दिवशी ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “आई, माझ्या तोंडाकडे बघणं बंद कर. तू बघतेस तेव्हा गिळवत नाही.”

सणाचा नाच जूनच्या शेवटच्या शनिवारी दुपारी झाला. नवरी दुसरीच मुलगी होती. रोसियानी आईशेजारी साध्या फ्रॉकमध्ये उभी राहून बघत होती. नाचायची परवानगी होती, तीच नको म्हणाली. डार्लान मागच्या ओळीत नाचला, पावलं चुकवत. बाजा संपला तेव्हा जांदिरा घामेजून माझ्या टेबलाशी आली. मक्याची खीर होती, नारळाचं दूध घातलेली. तिने स्वतःच वाटी घेतली, स्वतःच डाव उचलला. किती घेतलं ते बघायला माझी मान वळत होती.

मी पाठ फिरवली आणि दुसरं पातेलं ढवळायला लागले. त्यात ढवळण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मागे वाटीवर चमचा वाजत होता. तो तिचाच की टेबलाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाचा, हे कळायला मला वळावं लागलं असतं. मी ढवळत राहिले.